वडिलांचे नाव

कांजूरच्या आमच्या इमारतीत, टाकीखाली आग्या मोहोळ बसलं
तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर आधी फोटो आले, मग शिव्या,
मग पेस्ट कंट्रोलवाल्याचा नंबर.
मी एवढंच लिहिलं : पोळं फेकू नका, मला हवंय.
त्यावर तिघांनी हसरे चेहरे पाठवले.

रात्री साडेअकराला यल्लप्पा आला, मानखुर्दहून,
कमरेला दोर, तोंडावर जाळी, ओल्या गोणपाटाचा धूर.
मॅडम, मध पायजे का मेण?
म्हटलं, नर पाहिजेत.
त्याने जरा वेळ माझ्याकडे पाहिलं
आणि पातेल्यावर झाकण ठेवलं.

सकाळी कलिन्याला, प्रयोगशाळेत,
ग्लॅडिस परेरा आणि मी एकेक कोश उघडत बसलो.
कामकरणी बाजूला.
डोळे मोठे, माथ्यावर एकमेकांना टेकलेले : नर.
चिमट्याने उचल, नळीत सोड, नळीवर लिही.
न-१, न-२, न-३.
चाळिसाव्याला ग्लॅडिस म्हणाली, तक्त्यात बापाचा रकाना आहे.
शून्य भर, मी म्हटलं. मशीन रिकामी जागा घेत नाही.

नराला बाप नसतो.
आईचं न फळलेलं अंडं, तेच तो.
गुणसूत्रं सोळा, एकेकटी,
झाकायला जोडीदार नाही,
म्हणून त्याला वाचलं की आईचा हात वाचता येतो.
आजोबा मात्र असतात. आईचे वडील.

ती अंडं घालण्याआधी
स्वतःच्या आईचं आणि बापाचं शेजारी शेजारी मांडते,
कापते, सांधते, पुन्हा कापते,
तेवढ्याच लांबीच्या धाग्यावर
माणसाच्या वीसेक पट.
इतकं का पिसायचं, ते अजून कोणालाच नक्की माहीत नाही.
रोगराई, म्हणतात. हजारो मुलींची कामं वेगळी, म्हणतात.
मला आमचे अण्णा आठवतात,
गोदीतून आले की पत्ते घेऊन बसायचे,
पिसत राहायचे,
वाटा आता, असं सगळे ओरडेपर्यंत.

तीन आठवड्यांनी पडद्यावर पट्टे उमटले.
आजी निळी, आजोबा पिवळे.
न-७मध्ये आजोबा जवळजवळ नाहीतच.
न-२३मध्ये आजोबा, आजी, आजोबा, मग बराच वेळ आजी,
आणि अगदी टोकाला
पिवळ्याची एक चीर.
चाळीस भाऊ. एकासारखा एक नाही.

त्याच आठवड्यात अवधूतच्या शाळेचा फॉर्म.
खिडकीतल्या गोठोस्करबाई म्हणाल्या, हे रिकामं ठेवलंत.
मी लिहिलं. अक्षर नीट आलं नाही.
अवधूतला बाप आहे, घोडबंदर रोडला, नव्या संसारात,
तेव्हा मधमाशीची उपमा इथे तुटते.
तुटू दे.
याचा अर्धा भाग मला वाचता येत नाही,
झोपेत दात खातो तो भाग,
कोथिंबीर वेचून ताटाबाहेर काढतो तो.
पण पाढा अडला की कानाची पाळी चोळतो, डाव्या,
आणि अण्णांना तर त्याने पाहिलेलंसुद्धा नाही.

टाकीखाली मेणाचा पांढुरका डाग राहिलाय.
घासून जात नाही. सेक्रेटरींनी दोनदा घासून घेतला.
यल्लप्पा म्हणाला होता, परत येणार त्या, इथंच येणार,
पत्ता पाठ असतो त्यांना.

काल दिवेलागणीला स्वयंपाकघरातल्या ट्यूबवर
काहीतरी थडथड आपटत होतं.
अवधूतने स्टीलचा पेला पालथा घातला,
खालून वहीचा पुठ्ठा सरकवला.
नर आहे, मी म्हटलं, डोळे बघ. याला नांगीच नसते.
पेल्याला कान लावून तो ऐकत राहिला.
कोणाचा गं हा?
खिडकी उघड, मी म्हटलं,
आधी खिडकी उघड.